दलालांना गिधाडं म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात जमिनीच्या दलालांवर बातमी होती, हेडलाईन काय तर 'मोक्याच्या प्लॉटवर गिधाडांचा डोळा'. बातमी बरोबरच असणार, दलालांची बाजू घ्यायला मी काही लिहीत नाहीये, पण गिधाडांना कशाला मधे ओढता हो? गिधाड जिवंत जनावराला हात लावत नाही, त्याच्या पायात घारीसारखी पकडच नसते, आणि हे दलाल तर चालत्याबोलत्या म्हाताऱ्याचा सातबारा खातात.

जानेवारीत भाच्याला घेऊन अंजनेरीला गेलो होतो. कड्यावर चुना सांडल्यासारखे पांढरे पट्टे दिसले की समजायचं वर गिधाडं बसतात, ती त्यांची विष्ठा. दुर्बिणीतून बघितलं तर लांब चोचीची पाच-सहा जणं कपारीत खांदे पाडून बसलेली, एकदम सरकारी ऑफिसात साडेदहाच्या आधी बसतात तशी. भाचा कंटाळला, मामा हे उडतच नाहीत म्हणे. उडणार कसं, एवढं जड अंग, खडक तापून हवा वर उठायला लागेपर्यंत ती हलतच नाहीत. दहा वाजून गेल्यावर एकाने नुसती उडी टाकली, पंख उघडले आणि गोल गोल फिरत वर, मी मुद्दाम बघत होतो, एकदाही पंख मारला नाही. मग बाकीची एकामागून एक. एका कपारीत मात्र एक जण शेवटपर्यंत उठलं नाही, बहुतेक अंड्यावर असावं. वर्षाला एकच अंडं, नर-मादी आळीपाळीने बसतात, पन्नासेक दिवस. आणि खाली आपली पोरं स्पीकर लावून रील काढत होती, असो.

वासाचं म्हणाल तर आपल्याकडच्या या गिधाडांचं सगळं काम डोळ्यांवर चालतं. प्रत्येक जण लांब लांब उडत एकमेकांवर लक्ष ठेवून असतो, एक खाली उतरला की शेजारचा बघतो, त्याला बघून पुढचा, आणि बघता बघता पन्नास जमतात. सिन्नरकडच्या आमच्या गावात लहानपणी बैल मेला की गावाबाहेर नेऊन टाकायचे, दुपारपर्यंत नुसता सांगाडा उरायचा, वास नाही की माश्या नाहीत. आता तिथे कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात, संध्याकाळी कोणी एकटं जात नाही.

गेली कुठे तर आपण मारली, तेही नकळत. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे, ते जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या जायच्या. १९९२ ते २००७ एवढ्या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत हजारातलं एखादं उरलं. २००६ मधे गुरांसाठी हे औषध बंद झालं, त्याऐवजी गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम चालतं, तेव्हा गुरांच्या डॉक्टरला तेवढं विचारत जा. हरसूलजवळ खोरीपाड्याला तर वनखात्याने गावकऱ्यांना सोबत घेऊन गिधाडांसाठी रेस्टॉरंट काढलंय, मेलेलं जनावर तिथे नेऊन ठेवतात. अशा गोष्टीवर अर्धं पान दिलंत तर आम्ही आवडीने वाचू.

आणि आपण नाशिककर ना? टाकेदला सर्वतीर्थावर जाऊन जटायूला नमस्कार करायचा, रामाने तिथे त्याला पाणी पाजलं म्हणून पोरांना सांगायचं आणि घरी आल्यावर पेपरात गिधाड म्हणजे शिवी!

दलालांसाठी दुसरा शब्द हवा असेल तर लोण्याच्या गोळ्यावरचा बोका आहे की. बोक्यांना चालेल, आमच्या बिल्डिंगमधल्याला तर मी रोजच काय काय बोलतो, तो ढिम्म हलत नाही.

आपला,
एक जुना वाचक
इंदिरानगर, नाशिक