मशीनवाल्याला हो म्हणण्याआधी डाग नीट बघ

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

वॉशिंग मशीनमधून धुतलेले कपडे डाग पडून निघतात हे सांगताना काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता, त्यात तुझी मीटिंग लागली अन् बोलणं अर्धवटच राहिलं. म्हणून सविस्तर लिहून पाठवतो. दुरुस्तीवाला 'ड्रमच बदलावा लागेल' म्हणाला ना, त्याला अजून हो म्हणू नको. डाग कशाचा आहे हे न बघता ड्रम बदलायला सांगणाऱ्यावर माझा भरवसा नाही. डाग पाण्यातून येत असेल तर नव्या ड्रममधूनही तेच कपडे बाहेर निघतील.

डागाचा रंग बघ, बोटाने चोळून बघ, अन् कपड्यावर नेमका कुठे पडलाय ते बघ.

तू पाठवलेल्या फोटोत पांढऱ्या कुर्त्यावर काळपट तपकिरी ठिपके आहेत, बाहीजवळ तर पापुद्र्यासारखं काहीतरी चिकटलंय. ते नखाने खरवडून दोन बोटांत चुरड. मेणचट, बुळबुळीत लागलं तर तो मशीनमध्येच साचलेला मळ आहे. आपल्याला जो चकचकीत ड्रम दिसतो त्याच्या बाहेर आणखी एक टाकी असते अन् ती कधीच दिसत नाही. न विरघळलेली पावडर, सॉफ्टनरचा चिकटपणा, अंगाचं तेल, कपड्यांचे धागे, सगळं त्या दोघांच्या मधल्या जागेत थरावर थर बसत जातं. त्यावर बुरशी धरते. मग कधीतरी धुताना त्याचे तुकडे सुटतात अन् कपड्यांवर येतात. थंड पाण्यात रोज झटपट धुणाऱ्यांच्या मशीनमध्ये हा त्रास जास्त, कारण तो थर वितळायला गरम पाणी कधी मिळतच नाही.

त्यात तुमची वसाहत नागपूरच्या कडेला, बेसाकडे, अन् पाणी बोअरचं. नागपूर शहरात नळाला पेंच-कन्हान नद्यांचं पाणी येतं, ते वेगळं. बोअरचं पाणी जड असलं की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जुळतो अन् दह्यासारखी साय तयार होते, फेस मात्र होत नाही. फेस नाही म्हणून आपण आणखी पावडर टाकतो, अन् थर आणखी वाढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची योग्य मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्यायला सोसायटीला सांग, ते सगळ्यांच्याच कामाचं आहे.

आता रविवारी हे कर. मशीनच्या दाराचं रबर बोटांनी बाहेर ओढ अन् मोबाईलचा टॉर्च लावून आतली घडी बघ. जुन्या पांढऱ्या फडक्याने पूस. फडकं काळं निघालं तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. पावडरचा कप्पा पूर्ण बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घास, त्याच्या मागच्या पोकळीतही बघ. खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे फिल्टर. ते उघडताना समोर परात ठेव, पाणी येतं. अन् मशीनमध्ये गरम पाणी असताना उघडू नको. त्यानंतर मशीनच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेली क्षार काढायची पावडर टाक अन् मशीन रिकामं ठेवून सगळ्यात गरम पाण्यावर चालव. टब क्लीन लिहिलेलं बटण असेल तर तेच दाब. पाण्यात पापुद्रे निघताना दिसतील, घाबरू नको. शेवटी एक जुना पांढरा टॉवेल टाकून नेहमीसारखं धू. टॉवेल स्वच्छ निघेपर्यंत चांगले कपडे टाकू नको.

एक गोष्ट मात्र नक्की पाळ. ब्लीच अन् आम्लाची कुठलीही पावडर एकत्र करायची नाही, लिंबू किंवा व्हिनेगरसुद्धा नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, अन् तुझी बाथरूम किती लहान आहे ते मी पाहिलंय.

डाग नारिंगी-तपकिरी असतील अन् चोळून काहीच हाताला लागत नसेल, तर लोखंडाचा संशय घे. पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी भरून रात्रभर तसंच ठेव. भरताना स्वच्छ असलेलं पाणी सकाळी लालसर झालं किंवा तळाशी गाळ बसला, म्हणजे पाण्यात लोह आहे. हवा लागली की ते गंजतं. पाणी स्वच्छच राहिलं तर ड्रममध्ये, रबराच्या घडीत हेअरपिन किंवा सेफ्टीपिन अडकलीय का बघ. अशा डागावर ब्लीच कधीच नाही, त्याने तो पक्का होतो. लिंबू अन् मीठ चोळून कपडा उन्हात टाक, मग भरपूर पाण्यात खळबळून घे. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर करून बघ.

काळे, तेलकट ओरखडे असतील अन् पिळताना मशीन घरघरत असेल, तर ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंग किंवा त्यात पाणी जाऊ न देणारं सील गेलंय. तेवढ्यासाठी माणूस बोलवायलाच हवा. तोवर त्या डागावर भांड्यांचा लिक्विड साबण चोळून ठेव.

अन् तुझ्या त्या पिवळ्या कुर्तीच्या छातीवरचा लालसर डाग, त्यात मशीनचा काही दोष नाही बेटा. ती तर्री-पोह्यांची हळद आहे. साबण लागला की हळद लाल होते. पुन्हा धू अन् कडक उन्हात वाळव, उन्हाने ती फिकी पडते. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री मात्र करू नको.

पुढे पावडर मोजून टाक, थंडीच्या दिवसांत लिक्विड बरं. ड्रममध्ये वर मूठभर जागा राहील एवढेच कपडे घाल. नीळ वापरत असशील तर बादलीत पाण्यात मिसळून, मशीनमध्ये थेट ओतू नको, नाहीतर निळे ठिपके पडतील. धुणं झालं की दार उघडं ठेव, रबर पुसून घे. पावसाळ्यात तर विसरूच नको.

मशीन घरमालकांचं आहे, तेव्हा त्यांना आधी कळव. बेअरिंगचा खर्च निघाला तर तो तू एकटीने भरायचा नाही, मी बोलतो त्यांच्याशी. ऑफिसला घालायला कपडे कमी पडत असतील तर दोन कुर्ते घे, पैसे टाकतो. रात्री बारा वाजता हाताने कपडे धूत बसू नको, तुझी आई त्यानेच जास्त काळजीत आहे.

फडकं अन् बादली, दोन्हींचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठव. ते बघून पुढचं सांगतो.

तुझे,
बाबा