नावं विचारायची राहूनच गेली

जर्मनीत शिकायला गेलेल्या नागपूरच्या पोरापोरींकडून, ज्यांची नावं कधी कळलीच नाहीत त्यांचे आभार.

सगळ्यात आधी, टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठी लावायला सांगणाऱ्या शेजारच्या आजींचे. तिथे फ्लॅटला नंबर नसतोच बहुतेक, पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो. नाव नसलं की पत्र परत. आणि बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, कर-क्रमांक, सगळं टपालानंच येतं, बाप्पा! खोली दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या नावाखाली आपलंही चिकटवायचं, स्पेलिंग पासपोर्टवरचंच.

राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. तो नसला की नवी वेळ घ्या, पुन्हा थांबा. रांगेत हे सांगून जवळचा कोरा फॉर्म काढून देणाऱ्या दादाचे आभार.

इतवारीतून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. तळाला लोहचुंबक चिकटला तरच घ्या, हे सांगून स्वतःचा स्टीलचा कुकर महिनाभर देणाऱ्या ताईचेही.

एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या दुकानात परत दिल्या की प्रत्येकी 25 सेंट परत मिळतात, हे दाखवणाऱ्या काकांचे.

आणि सीताबर्डीच्या त्या दुकानदारांचे, ज्यांनी गिऱ्हाईक सोडून सांगितलं, “संत्रा बर्फी नेऊ नका, खवा आहे, दुधाचं तिथे सामानातून चालत नाही. सावजी मसाला न्या, पण एकात एक अशा दोन पिशव्यांत बांधून.”