पाण्यासाठी चाला, पण २२ मार्चला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की जागतिक जल दिनाचा मुहूर्त धरून ‘गावाला शुद्ध पाणी’साठी वॉकेथॉनचे, म्हणजे निधी जमवायच्या पायी फेरीचे, फलक शहरांत झळकू लागतात. हेतू चांगलाच आहे, मुहूर्त चुकतो. २२ मार्चला चालून हिशेब लागेपर्यंत एप्रिल सरतो. पुढे कोटेशन, ग्रामपंचायतीचा ठराव. चर खणायला जावे तर मृग लागलेला. काळ्या मातीत भर पावसात चराच्या कडा ढासळतात. मग तीन फूट खोल जायचा पाइप दीड फुटावर पुरला जातो आणि ट्रॅक्टरखाली फुटतो. त्यापेक्षा दिवाळीनंतरचा एखादा रविवार धरा, कामाला जानेवारी ते मे मोकळे मिळतात. मदत द्यायचे गाव मात्र आदल्या मे महिन्यातच, बोअरचे पाणी किती फुटांवर गेले आहे ते मोजून ठरवावे. डिसेंबरात कुठलीही विहीर भरलेलीच दिसते.

आता पैसा. समजा, प्रवेश शुल्क ३०० रुपये आणि टी-शर्ट, पदक, नाश्ता यांत २२० गेले, तर ५०० माणसे चालून गावाला मिळतात ४० हजार. छातीला कागदी क्रमांक लावून, चहा-पोह्यांवर भागवून खर्च ६० रुपयांवर आणला, तर तेवढ्याच माणसांत १ लाख २० हजार. पाच किलोमीटरला सव्वा तास धरा. माणशी अर्धा लिटर म्हणजे २० लिटरचे १३ जार, हाताशी दोन जास्त. पेला ज्याचा त्याने आणावा. पाण्यासाठीच्या फेरीमागे प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच पडणे शोभत नाही.

पोलीस, वाहतूक शाखा, रुग्णवाहिका हे सगळ्यांच्या लक्षात असते. धर्मादाय कार्यालय राहून जाते. नोंदणी नसलेल्या मंडळाने देणग्या गोळा करण्याआधी गणेश मंडळांप्रमाणेच कलम ४१ क खालची परवानगी काढावी. वजावटीला पात्र असलेली संस्था असली, तरी २ हजारांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशानेच घ्यावी.

जमलेला पैसा नव्या टाकीत घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१९पासून जलजीवन मिशनमधून टाक्या आणि नळ पुष्कळ गावांत आले. पाणी अडते ते बोअरमधल्या मोटरपाशी. विजेच्या थ्री फेजमधला एक फेज गेला आणि पॅनेलला प्रिव्हेंटर, म्हणजे अशा वेळी मोटर आपोआप बंद करणारे उपकरण, नसला, की मोटर जळते. बोअर आटल्यावर कोरडी चालली तरी तीच गत. मग मोटर वर काढणारी गाडी बोलवा, रिवाइंडिंग करा, पुन्हा खाली सोडा. तोवर बायांच्या डोक्यावर हंडे आलेच. पाणीपट्टी थकलेली असल्याने पंचायतीकडे यासाठी पैसा नसतो. म्हणून आधी प्रिव्हेंटर आणि ड्राय रन संरक्षण असलेले पॅनेल घ्यावे, मग एक जादा मोटर.

उरलेल्यातून पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, पण थोडी थोडी. पिशवीचे तोंड उघडे राहिले की क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना टाकीत पडतो. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते रंगावरून दाखवणारी चाचणी, टाकीजवळच्या नळावर करून वहीत ‘पिवळा रंग’ लिहिणे सोपे असते. ती वस्तीतल्या शेवटच्या नळावर करावी. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा.

१ मेच्या ग्रामसभेत आयोजकांनी पावत्यांसह हिशेब वाचून दाखवावा आणि शिल्लक रक्कम पाणीपुरवठा समितीच्या खात्यात, फक्त दुरुस्तीसाठी म्हणून, जमा करावी.

– ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामातले काही वाचक, पुणे