गजास, त्या सहा चेकांबद्दल

नागपूर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय गजा,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर दिलं नाही हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे, कारण तू मोजत बसतोस. तब्येत बरी. शुगर आहे तेवढीच, गुडघा आहे तसाच, निर्मलाची कंबर थंडीत धरते. झालं. फोन केला असता, पण तुमच्याकडे वहिनी स्पीकर लावून भाजी चिरतात आणि हे प्रकरण भाजीसोबत ऐकण्यातलं नाही.

एका बँकेच्या प्रशिक्षण केंद्राचं पुस्तक मराठीत करायला घेतलंय. शाखेत नव्यानं लागलेल्या पोरांसाठी आहे: फसवणुकीचे प्रकार, त्यांच्या खुणा, कोणाला कळवायचं वगैरे. त्यांनी आधी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं आणि मला म्हणाले, सर, फक्त जरा नजर फिरवा. पैसेही नजर फिरवण्याइतकेच. तर संक्रांतीची सकाळ, शेजारच्या गच्चीवर पोट्टे 'ओ काट' करून बोंबलतायत, खाली हा नजर फिरवतोय आणि समोर वाक्य येतं: 'ग्राहक पतंग उडवत असल्याचा संशय आल्यास शाखाधिकाऱ्याने ताबडतोब वरिष्ठांना कळवावे.'

मी इतका हसलो की निर्मला गुळाचा पाक गॅसवर सोडून बाहेर आली. (पाक पुढे गेला. यंदाच्या वड्या अडकित्त्यानं फोडून खातोय.) हा नियम नागपुरात लावला तर त्या दिवशी सगळं शहरच वरिष्ठांना कळवावं लागेल. मग मूळ इंग्रजी काढलं. तिथं 'काइटिंग' होतं, म्हणजे खात्यात पैसे नसताना एका बँकेचा चेक दुसरीत फिरवत राहणं, आणि खाली आकृती. दोन चौकोन, त्यांच्यामध्ये जाणारे-येणारे बाण. बँक अ, बँक ब.

अबे गजा, बँक अ मी होतो. बँक ब तू.

१९८६. आपल्या छापखान्याचं त्या संस्थेकडचं उत्तरपत्रिकांचं बिल अडकलं होतं आणि इतवारीचा कागदवाला दारात बसला होता. तेव्हाची ती तुझी 'युक्ती'. म्हणजे मी आजपर्यंत ती तुझी म्हणत आलो, तू माझी म्हणत आलास. आक्काच्या वास्तुशांतीला यावरून आपलं झालंही होतं. आपल्याला वाटायचं, ही शक्कल जगात पहिल्यांदा दोन छापखानेवाल्यांना सुचली. तिला नाव आहे, प्रकरण आहे, आकृती आहे, शेवटी स्वाध्यायसुद्धा आहेत. अपमानच झाला की नाही?

मग काम बाजूला ठेवून दोन दिवस त्या एका शब्दाच्या मागे लागलो. तुझ्याशिवाय हे ऐकून घेणारं कोणी नाही, म्हणून ऐक. काइट म्हणजे मुळात घार. जुन्या इंग्रजीपासूनची. नाव बहुधा तिच्या ओरडण्यावरून पडलेलं. मध्ययुगात लंडनच्या रस्त्यांवर घारी उकिरडे साफ करत हिंडायच्या, आज आपल्या भांडेवाडीच्या कचरा डेपोवर हिंडतात तशा. त्यामुळे हावरट, लुबाडणाऱ्या माणसालाही तिकडे काइट म्हणत. कागदाचा पतंग तिकडे नंतर आला. तो वर एका जागी तरंगतो म्हणून सतराव्या शतकात त्याला घारीचं नाव दिलं. आपल्याकडे गंमत वेगळीच. संस्कृतात पतंग म्हणजे उडत जाणारा कोणीही: पक्षी, किडा, खुद्द सूर्यसुद्धा. दिव्यावर झेप घालून मरणारा तोही पतंग. आणि जुन्या मराठीत कागदाच्या पतंगाला वावडी म्हणत, ते आपण पार विसरलो. वावडी गेली, वावड्या राहिल्या. इंग्रज पुढारी लोकांचा अंदाज घ्यायला एखादी बातमी सोडतो तेव्हा तो 'पतंग उडवतो', आपला वावडी उठवतो. शब्द सात समुद्र पलीकडचे, पुढारी एकच.

आणखी आहेत. खलाशांचं मंद वाऱ्यातलं हलकं शीड म्हणजे काइट. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश वैमानिक आपल्या विमानाला काइट म्हणत. अमेरिकेच्या तुरुंगात कैदी एकमेकांना चोरून चिठ्ठी पाठवतात, तीही काइट. (हे पत्र त्या जातीचं समज. वाचून झालं की जुन्या गाइडांत दडव.) आपल्या आयएसआयसारखा ब्रिटनमधला दर्जाचा शिक्का आहे, १९०३ पासूनचा, त्याचंही नाव काइटमार्क. म्हणजे एकाच शब्दात भरवशाचा शिक्का आणि चारशेवीस दोन्ही. आणि तुझा लाडका, आठवीच्या भूमितीतला चौकोन. फळ्यावर आधी पतंग काढायचास, मग त्याला शेपूट काढायचास, मग शेपूट पुसून 'आता हा गणितातला' म्हणायचास. लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान, कर्ण एकमेकांना लंब. आणि एक कर्ण दुसऱ्याला बरोब्बर मधोमध दुभागतो, दुसरा मात्र पहिल्याला दुभागेलच असं नाही.

निर्मलाला हे सगळं सांगायला गेलो तर म्हणाली, घारीवरून आठवलं, लाल भोपळा आणा, उद्या घाऱ्या करते. संसार असा चाललाय.

आता पैशांचा काइट. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यापारी एकमेकांच्या नावे पोकळ हुंड्या लिहीत. माल नाही, बिल नाही, नुसता कागद आणि त्याच्या खाली हवा. म्हणून 'पतंग उडवणं'. पुढे तेच चेकला लागलं. आपल्या कॉमर्सच्या पुस्तकात असल्या हुंडीला निभाव हुंडी म्हणतात, आठवतं? मित्राची नड आहे म्हणून दुसरा काही न घेता तिच्यावर सही करतो, आणि मुदत भरली की देणं सही करणाऱ्याच्या अंगावर येतं. बीकॉमला हे दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. समजलं परवा.

कसं समजलं ते सांगतो. त्या पुस्तकातल्या स्वाध्यायात आकडे दिलेत. भाषांतर बरोबर बसतंय का बघायला मी त्यांच्याऐवजी आपलेच घालून पाहिले. माळ्यावरच्या ट्रंकेत चेकबुकाची अर्धुकं सापडली, तीन. पासबुकही सापडलं. आठवतं ते? निळ्या शाईच्या हातानं लिहिलेल्या नोंदी, प्रत्येकीपुढे कारकुनाची कोंबडीच्या पायासारखी सही. कडा वाळवीनं खाल्ल्यात, आकडे शाबूत आहेत.

पहिला चेक माझा, ३,००० चा. बर्डीच्या शाखेतल्या खात्यात तेव्हा एकशे दहा रुपये. तू तो अमरावतीला भरलास, तुझ्या बँकेतल्या साहेबांनी ओळखीवर वटायच्या आधीच रक्कम खात्यात धरली, तू शनिवारच्या एसटीनं रोख घेऊन आलास. कागदवाला गेला. चेक टपालानं नागपूरला पोचायला आठवडा. तो पोचायच्या आत दुसरा चेक तुझा, ३,२०० चा, माझ्या खात्यात. वरचे दोनशे कंपोझिटरला. मग माझा ३,४५०. तुझा ३,७००. माझा ३,९५०. तुझा ४,२००. प्रत्येक फेरीला पतंग थोडा मोठा, कारण शाई पाहिजे, ट्रेडल छपाईयंत्राचा पट्टा पाहिजे, खिळे जुळवणाऱ्याला पगार पाहिजे.

मग खिडकीतल्या त्या टकल्या कारकुनानं मला हसत विचारलं, 'तुमच्या चेकला अमरावतीची हवा मानवते वाटतं?' तो बहुतेक थट्टाच करत होता. माझी मात्र पाचावर धारण बसली. तार ऑफिसातून तुला ट्रंककॉल लावला आणि सांगितलं, मी आता लिहीत नाही, बंद. तू म्हणालास, बरं. बस, एवढंच. मला तेव्हा तू चिडलास असं वाटलं होतं.

तर बघ. तुझा सहावा चेक माझ्या खात्यात पडला, त्याच्यावर माझा पाचवा वटला. माझ्याकडे काही थकलं नाही. पण तो सहावा आठवड्यानं अमरावतीला पोचला असेल. तिथं खरे ४,२०० रुपये पाहिजे होते. माझा सातवा चेक नव्हताच. आणि तो परत आला नाही. पासबुकात परतीची नोंद नाही, मी भिंग लावून पाहिली.

ते पैसे कुठून आले, गजा?

संस्थेचं बिल त्यानंतर एकवीस दिवसांनी आलं, ३,६०० चं. माझ्या खात्यात. कंपोझिटरची बाकी दिली, ट्रेडलचं काम केलं, आणि आता लिहूनच टाकतो, दोन महिन्यांचं घरभाडंही त्यातच भरलं. तू पुढच्या शनिवारी आलास तेव्हा मी विचारलं, तिकडचं झालं ना सगळं? तू म्हणालास, झालं. मी पुढे विचारलं नाही. विचारायचं राहून गेलं असं नाही. टाळलं. मास्तरांचा पगार मला माहीत होता.

त्याच महिन्यात तू शाळेत सायकलवर जायला लागलास. तुझ्या वडिलांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली बजाज स्कूटर. अण्णा तिच्या सीटवर जुनी सतरंजी पांघरून ठेवायचे. तू म्हणालास, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. तेव्हा नव्या गाडीला एवढी रांग होती की जुनीलाही लोक हात जोडून पैसे द्यायचे.

आणि मी आक्काच्या लग्नात, भर पंगतीत, काय बोललो ते मला आठवतंय. 'गुरुजींनी बजाज विकून हर्क्युलस घेतली, पोट कमी करायला.' अख्खी पंगत हसली. बाळ्या तर मठ्ठा सांडेपर्यंत हसला. तू जिलेबी न खाता उठलास आणि पुढे वर्षभर बोलला नाहीस. गजाला थट्टा सोसत नाही, असं मी पुढची चाळीस वर्षं ज्याला त्याला सांगत आलो.

आता हा प्रकार जमायचाही नाही. चेक टपालानं जातच नाही, त्याचा फोटो जातो, आणि गेल्या ऑक्टोबरपासून बहुतेक त्याच दिवशी वटतो की नाही ते कळतं. पतंगाला वाराच ठेवला नाही. चेक न वटण्याचं ते कलम १३८ लागू झालं १ एप्रिल १९८९ ला, म्हणजे आपण तीन वर्षं आधीच सुटलो. पण फसवणूक ती फसवणूकच, तिला कलमाची वाट बघावी लागत नाही. मी स्वतःशी वाद घालून पाहिला की आपला इरादा पैसे द्यायचाच होता. पुस्तकात त्यालाही एक ओळ आहे: बहुतेक जण असंच सांगतात.

शब्द अजून ठरत नाही. 'पतंगबाजी' लिहिलं तर पोरांना संक्रांत दिसणार. 'चेकची टोपी फिरवणे' लिहिलं होतं, याची टोपी त्याला, हे बाजारात कोणालाही कळेल. पण केंद्राच्या बाईंना ते हलकं वाटतं. शुक्रवारी पुस्तक द्यायचंय. तुला सुचलं तर बघ. तू म्हणशील, आधी तुझी टोपी काढ.

बाकी तुमच्याकडे काय? मोतीबिंदूचं झालं का? नात बारावीला ना यंदा, तिला म्हणावं भूमिती आजोबांकडून शिकू नको, शेपटं काढतील. सुमाच्या सासरचं मिटलं असं ऐकलं, बरं झालं. वहिनींना नमस्कार. इकडे संक्रांतीला उड्डाणपूल बंद ठेवतात आता, नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी आहे तरी पोट्टे कुठून तरी आणतातच. मी गळ्याला मफलर गुंडाळूनच भाजीला जातो.

चेक पाठवत नाही, घाबरू नको. मला फक्त एवढं लिहून कळव, गाडीचे किती आले? 'जाऊ दे ना आता' असलं मास्तरी उत्तर नको, आकडा पाहिजे. आणि अण्णांना काय सांगितलं होतंस तेही.

तुझाच,
दिन्या

ता. क. पासबुकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं एक भागाकार आहे. ४,२०० भागिले दोन, २,१००. अक्षर माझं नाही. सातचं पोट असं कापायची आणि दोनची शेपटी अशी लांबवायची सवय एकाच माणसाला होती, आणि यात दोनचा आकडा तीनदा आलाय. त्या उत्तरावर आडवी रेघ मारून ते खोडलंय. ही रेघ तू कधी मारलीस?