आशाताई, तुमच्या वहीत आमचं सगळं लिहिलं गेलं

आशाताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी येऊन हातात देता आलं असतं, तुमचं घर काही लांब नाही. तरी चारचौघांसमोर लिहिते आहे. वादळानंतर चौकात आभाराचे फलक लागले. त्यात ताडपत्री देणारे होते, धान्याच्या किट वाटणारे होते, भेट देऊन गेलेले होते. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. ताडपत्री नसती तर लेकरं पहिल्याच पावसात भिजली असती. पण तुमचं नाव कुठेच नव्हतं, आणि तुम्ही जे केलं ते फलकावर मावण्यासारखंही नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. तुम्ही आमच्या गावच्या आशा, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातलं. मे महिन्यात इकडे पारा 45 अंशांना टेकतो. तापलेली हवा वर चढते, तिला बंगालच्या उपसागराकडून आलेलं बाष्प मिळतं, दुपारनंतर उंच ढग उभे होतात, आणि कधी कधी त्यातून थंड हवा एकदम खाली आदळून जमिनीवर पसरते. सारा खेळ काही मिनिटांचा. नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा सकाळीच मोबाईलवर आला होता, पण इशारा असतो जिल्ह्याचा आणि वारा जातो एका पट्ट्यातून. आमच्या खालच्या पुऱ्यातली टिनं विजेच्या तारांवर जाऊन लटकली, वरच्या पुऱ्यात मात्र वाळत घातलेले कपडेसुद्धा दोरीवरच होते. 2023 च्या एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातल्या पारसला अशाच वादळात मंदिराच्या टिनाच्या शेडवर झाड पडलं आणि सात माणसं गेली. ते सगळ्यांच्या लक्षात होतं, म्हणून माणसं टिनाखाली थांबली नाहीत, शाळेच्या स्लॅबकडे पळाली. जीव कोणाचा गेला नाही. बाकी पुष्कळ गेलं.

दुसऱ्या दिवशी पंचनामे सुरू झाले. तलाठ्यांकडे रकाने ठरलेले असतात: घर पूर्ण पडलं की अंशतः, कोठा म्हणजे गुरांचा गोठा, ढोरं, पीक, फळबाग. त्यात त्यांचा दोष नाही, रकान्याबाहेरचं लिहून त्यांना वर काही पाठवता येत नाही. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या मदतीच्या निकषांत पक्क्या घराचं किमान 15 टक्के नुकसान झालं तर 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000, कोठ्याला 3,000, बकरी मेली तर 4,000. ज्यांच्या घरावर नुसते लाकडी फाटे राहिले होते त्यांनी हे आकडे ऐकले आणि गप्प झाले. गावात तेव्हा रडारड नव्हती, ताई. सगळे चूप होते, आणि ते चूप राहणंच भीतीदायक होतं.

त्याच दिवशी तुम्ही तुमची वही घेऊन निघालात. लसीकरणाच्या रजिस्टरसारखीच लांबट वही, प्रत्येक घराला एक पान. आमच्या ओसरीवर बसून तुम्ही म्हणालात, "काय काय गेलं ते सांगा. सरकार देईन का नाई, ते मंग पाहू." आम्ही काय सांगणार, कुठून सुरुवात करणार? मग तुम्ही पहिलं पान उघडून दाखवलं. ते तुमच्याच घराचं होतं. स्वयंपाकघरावरची टिनं. पोरीची सायकल, झाडाखाली दबलेली. पिठाची कोठी. सासूबाईंचा चष्मा. आईनं दिलेला तांब्याचा गुंड, चेपलेला. हे वाचलं आणि आमच्या आत्याबाई पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "माये सरगुंडे गेले."

शहरातल्या माणसाला हे कदाचित लहान वाटेल. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे महिने. गव्हाच्या पिठाचे वळलेले सरगुंडे, कुरोड्या, शेवया, मूगवड्या, पापड, वर्षभराचं तिखट, हळद. माळवदावर, टिनावर, खाटांवर धोतरं अंथरून वाळत घातलेलं असतं, आणि कोणाच्या घरी काय वाळतंय ते अख्ख्या गल्लीला माहीत असतं. पाहुणा आला, पावसात भाजी नसली, पोरगी माहेरी आली, की तेच काढायचं. ते सगळं उडालं, भिजलं, मातीत मिसळलं. कोणत्याच पंचनाम्यात त्याची ओळ नाही. तुम्ही ती लिहिली, पायलीनिशी लिहिली. आणि मग बचत गटाच्या बैठकीत तेच पान वाचून दाखवलंत. गटाच्या शिलकीतून गहू आणला, वरच्या पुऱ्यातल्या बायकांनी आपापल्या अंगणात चुली पेटवल्या, आणि पाऊस लागायच्या आत ज्यांचं गेलं त्यांच्यासाठी पुन्हा वाळवण झालं. पहिल्याइतकं नाही झालं. पण आत्याबाई खाटेवरून उठून सरगुंडे वळायला बसल्या, आणि हात चालू लागल्यावर त्यांचं बोलणंही चालू झालं.

तुमच्या वहीनं दुसरंही एक काम केलं. कोणाच्या बीपी-शुगरच्या गोळ्या भिजल्या, कोणाचा टीबीचा कोर्स मध्येच तुटेल, कोणाला नववा महिना लागला आहे, हे सगळं त्याच पानांवर होतं. रस्त्यावर बाभळी आडव्या होत्या, तेव्हा त्या बाईला ट्रॅक्टरवर गादी टाकून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून 102 ची गाडी. वीज नव्हती म्हणजे नळयोजनेचा पंप बंद, लोक जुन्या विहिरीचं पाणी भरू लागले. विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली की नाही हे पाहायला तुम्ही स्वतः काठावर उभ्या. ज्याची बकरी मेली त्याला तुम्ही पुरू दिली नाही, पशुवैद्यकीय डॉक्टर येऊन दाखला देईपर्यंत थांबवलं, नाहीतर तेही पैसे गेले असते. पोरांचे भिजलेले दाखले, मार्कशीट, पासबुकं शाळेच्या व्हरांड्यात दोरीवर वाळत घालायची युक्तीही तुमचीच.

आता मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, लिहिते. त्यांना विचारून लिहिते आहे. ते म्हणाले, "लिही, कोणाच्या तरी कामी येईन."

आमची बाग त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली. आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली होती. बागेचा सौदा झाला होता, व्यापाऱ्याचा इसार घेतलेला होता, आणि तो नातवाच्या फीला लागून संपलाही होता. वादळानंतर मामाजी एकदा वावरात जाऊन आले आणि मग खाटेवर जे बसले ते उठेनात. जेवणाचं ताट तसंच परत यायचं. फळबागेला निकषाप्रमाणे हेक्टरी 22,500 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंतच. सहा-सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरात 277 झाडं बसतात. माझ्या पोरानं हिशेब केला, झाडामागे 81 रुपये झाले. तो आकडा त्यानं आजोबांसमोर मोठ्यानं म्हटला. संत्र्याचं झाड धंद्यापुरतं फळायला पाच-सहा वर्षं घेतं, तोवर त्याला पाणी, खत, राखण. मामाजी काही बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून निजले.

तुम्ही बीपीच्या गोळ्या द्यायला म्हणून आलात. आधी माझ्याशी न्हाणीमागे हळू आवाजात बोललात. "फवारणीची औषधं कोठी ठेवता?" मी कोठ्यातला कोनाडा दाखवला. उन्हाळ्यातही एक-दोन अर्ध्या बाटल्या असतातच, कोणाच्या घरी नसतात? तुम्ही म्हणालात, आजच्या आज त्या दुसऱ्याच्या घरी कुलपात गेल्या पाहिजेत. माझे हातपाय गार पडले. जावेच्या घरी लोखंडी पेटीत नेऊन ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली.

मग तुम्ही मामाजींजवळ बसलात. मला वाटलं होतं तुम्ही धीर द्याल, सगळे देत होते तसा: होईल बरं, देव पाहून घेईल, जीव वाचला ना. तुम्ही तसलं एक वाक्य बोलला नाहीत. सरळ विचारलं, "काकाजी, मरून जावं असं मनात येते काय?" मी दाराआड होते, मला वाटलं तुम्ही हे काय केलं. नंतर तुम्हीच मला समजावलंत की विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, आधीच असला तर बाहेर येतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत 2015 पासून प्रेरणा प्रकल्प आला, त्यात आशांना अशी माणसं ओळखायला शिकवलं, हेही तेव्हाच कळलं. मामाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "येते." इतकंच. पण ते बोलले, आणि आम्हाला सगळ्यांना कळलं की आता त्यांना एकटं सोडायचं नाही.

तुम्ही तुमच्याच फोनवरून 14416 लावला. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आधार सेवेचा नंबर, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलतात. तिकडच्या ताई सावकाश बोलत होत्या. पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे माझे मिस्टर त्यांना घेऊन गेले, गोळ्या सुरू झाल्या. ज्यांच्या घरी असं कोणी खाटेवर बसून राहिलं असेल त्यांच्यासाठी हा नंबर मी इथे मुद्दाम दिला आहे.

तुम्ही मात्र गोळ्यांवर सोडून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात, वही उघडलीत, आणि बागेचं पान भरायला घेतलंत. "काकाजी, झाडं कोणत्या अंगाले पडली?"

"सारी उगवतीकडे," मामाजी म्हणाले. थोडं थांबून, "एकबी उलटं नाई."

गावात सगळे चक्रीवादळ चक्रीवादळ म्हणत होते. शाळेचे गुरुजी तिथे होते, ते म्हणाले, वारा गरगर फिरणारा असता तर झाडं एकमेकांवर वेडीवाकडी पडली असती. हा ढगातून खाली आदळून सरळ सुटलेला वारा. मामाजींना त्यात एकदम रस आला. कोणती ओळ मुळासकट उपटली, कोणती अर्धी धरून आहे, कोणत्या झाडाचा फाटाच मोडला, हे ते सांगू लागले आणि तुम्ही लिहीत गेलात. तुम्हाला बागेतलं फारसं कळत नाही हे तुम्हीच म्हणता. पण तुम्ही कृषी सहायकांना फोन लावून स्पीकरवर ठेवलात. ते म्हणाले, ज्यांची एका बाजूची मुळं जमिनीत आहेत ती झाडं उभी होतात, पण उशीर नको. उघड्या मुळांवर ओली पोती टाका, फळं उतरवा, फांद्या छाटा, मावळतीकडून दोर लावून हळू ओढा, बांबूचा टेकू द्या, माती चढवा, कापल्या जागी बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा. पेस्टचं प्रमाण ते सांगायच्या आत मामाजीच बोलले: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी.

पोट्टे दोर घेऊन आले. वरच्या पुऱ्यातले, ज्यांचं काही गेलं नव्हतं तेही आले. मामाजी बांधावर उभे राहून ओरडत होते, "ओढू नोको, हळू, मूळ तुटन!" किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज एवढा चढलेला ऐकला. निम्म्याहून कमी झाडं उभी राहिली. त्यातली काही पावसाळ्यात वाळली. बाकीच्यांना नवती फुटली आहे. व्यापाऱ्याशी बोलून इसार पुढच्या बहारात फेडायचा ठरला आहे. कर्ज तसंच आहे, आणि काही सकाळी मामाजी अजूनही उशिरापर्यंत उठत नाहीत. सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. पण ते आहेत. आमच्या घरात आहेत. त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला येत नाही, ताई.

एक बोलायचंच आहे. आशांना ठरावीक मानधन सोडलं तर मोबदला कामागणिक मिळतो: बाळंतपण, लसीकरण, सर्वेक्षण. विहिरीच्या काठी उभं राहण्याचा, भिजलेली मार्कशीट वाळवण्याचा, एका म्हाताऱ्या माणसाजवळ रोज येऊन बसण्याचा रकाना त्या यादीत नाही. वादळानंतर माणसं पुन्हा उभी राहतात ती ज्या कामानं, तेच काम कोणी मोजत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. मदतीच्या निकषांत टिनांचा हिशेब आहे तसा तुमच्या या कामाचाही असायला हवा, हे मी जिथे बोलता येईल तिथे बोलणार आहे.

म्हणून आम्ही बायकांनी ठरवलं आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडणार. एक, तुमची ती वही ग्रामपंचायतीच्या दप्तरी नक्कल करून ठेवायची. दोन, पुढच्या एप्रिलच्या आत प्रत्येक घराचं पान आधीच भरायचं: गोळ्या कोणत्या, बाळंतपण कधी, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी कुठे, एकटं कोण राहतं, टिनाखालून निघून कोणाच्या स्लॅबखाली जायचं. पान कसं लिहायचं ते तुम्ही एकदा दाखवा, भरायचं काम आम्ही गल्लीगल्लीनं वाटून घेतलं आहे. खालच्या पुऱ्याची यादी माझ्याकडे आहे, रविवारी घेऊन येते.

तुमची,
खालच्या पुऱ्यातली एक सून