साठवलेला वायू कोणाचा?

महोदय,

जमिनीखाली साठवलेल्या नैसर्गिक वायूच्या मालकीबाबत अमेरिकेतील केंटकी राज्याच्या न्यायालयाचा 1934 चा निकाल मोठा मासलेवाईक आहे. कंपनीने रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रात बाहेरून आणलेला वायू भरला. परवानगी न घेता आपल्या जमिनीखालीही तो साठवला, म्हणून एका महिलेने अतिक्रमणाचा दावा लावला. न्यायालयाचे म्हणणे: रानात सोडून दिलेल्या श्वापदासारखा हा वायू आता कंपनीचा राहिलाच नाही, मग अतिक्रमण कसले? कंपनी खटला जिंकली आणि मालकी गमावून बसली! 1987 मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने बंदिस्त, नियंत्रणातल्या साठ्याची मालकी भरणाऱ्याचीच मानली. ते रास्तच. पण वायू कंपनीचा असला, तरी माझ्या मते खडकातली जागा जमीनमालकाची. तिचा मोबदला वायू भरण्याआधीच ठरायला हवा.

– एक वाचक