कंडक्टरभाऊ, ते तिकीट अजून जपून ठेवलंय

कंडक्टरभाऊ,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. संगमनेर-नाशिक गाडीवर त्या दिवशी कोण ड्युटीला होतं, हे ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

त्या सकाळी आमच्या यांनी तुमच्याशी भांडण काढलं होतं. वय ६६, म्हणून हाफ तिकीट मागितलं. तुम्ही आधार कार्ड दाखवा म्हणालात. यांनी "केस पांढरे दिसत नाहीत का?" पासून सुरुवात केली आणि पुढे महामंडळाचा सगळा कारभार काढला. तुम्ही शांतपणे कार्ड बघून तिकीट फाडलंत. तिकिटावर वेळ छापून आली, ९.१२. ते भांडण झालं हे किती बरं झालं! त्यामुळेच तुम्हाला पुढे छातीठोकपणे सांगता आलं, की ९.१२ ला यांची जीभ तलवारीसारखी चालत होती.

नांदूर शिंगोटे मागे पडलं आणि यांच्या हातातला पेपर खाली घसरला. उचलायला वाकले ते तसेच एका अंगावर कलले. काही विचारलं तर तोंडातून नुसतं बोबडं काहीतरी येत होतं. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळीच टाकलेली दिसतेय." भाऊ, या माणसाने आयुष्यात सुपारीचं खांड खाल्लेलं नाही. पण त्या गाडीतल्या चाळीस माणसांना तेच खरं वाटलं. माझ्या मनात येतं, तिथे मी प्रवासी असते तर मीही तोंड फिरवून बसले असते.

तुम्ही मात्र समोर बसलात आणि म्हणालात, "काका, हसून दाखवा." तोंड डावीकडे ओढलं गेलं, उजवी बाजू लोंबती राहिली. "दोन्ही हात वर करा." उजवा उचललाच नाही. "नाव सांगा." नाव येईना. हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं. कुणी पाणी पुढे केलं, कुणी कांदा शोधायला लागलं, एकाने तर हृदयाच्या त्रासावर चालते म्हणून ॲस्पिरिन काढली. तुम्ही काहीच तोंडात घालू दिलं नाहीत. नंतर डॉक्टरांकडून कळलं ते असं. हा अर्धांगवायूचा झटका होता. गिळता येत नसेल तर पाणी फुप्फुसात जातं. आणि मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही. रक्तस्राव असता तर ती एक गोळी घात करू शकली असती.

तुम्ही १०८ ला फोन लावलात. ॲम्ब्युलन्स सिन्नर स्टँडवर उभी राहिली. तुम्ही त्यांना बजावलंत, "जवळच्या नव्हे, सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या." यांच्या खिशातल्या डायरीतून माझा नंबर काढून विचारलंत, "ताई, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन निघा." आणि तिकिटाच्या पाठीमागे पेनाने लिहिलंत: ९.१२ ला व्यवस्थित बोलत होते, ९.५० ला बोलणं गेलं. खाली तुमचा मोबाइल नंबर.

दवाखान्यात मला पहिला प्रश्न हाच आला, की शेवटचे धड कधी होते. मी तर आदल्या रात्री नऊला फोनवर बोलले होते. हे लग्नाला दिरांकडे गेलेले, आणि दिरांचा फोन लागत नव्हता. माझ्या उत्तरावर राहिले असते तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन हातचं गेलं असतं, कारण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. सिस्टरनी शर्टाच्या खिशातून तिकीट काढलं. डॉक्टरांनी तुम्हाला फोन केला, स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघितलं आणि ११.४० ला इंजेक्शन दिलं. रक्त अडलं की मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, हा हिशोब त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितला. आधी सांगितला नाही हे बरं केलं.

एक कबुली द्यायची राहिलीय. महिनाभर आधी जेवताना यांच्या हातातून पेला पडला होता. हात दहा मिनिटं बधिर होता, मग आपोआप ठीक झाला. आम्ही म्हटलं, हात अवघडला असेल. ती सूचना होती. आणि बीपीची गोळी "आता नॉर्मल आहे" म्हणून दोन महिने बंद केलेली. ती बंद करा असं कुणीच सांगितलं नव्हतं.

इंजेक्शनने जादू झाली नाही. पाय बराच सुटला, हात आणि वाचा मागे राहिली. घरी आलो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची रांग लागली. "वारं गेलंय, कबुतराचं रक्त चोळा", "आमच्या आत्यालाही असंच झालं होतं, सहा महिन्यांत गेली." चहा घ्यायचे आणि जायचे.

तुम्ही सुट्टीच्या दिवशी आलात आणि चहाच्या आधी यांच्या उजव्या खांद्याखाली उशी सरकवलीत. म्हणालात, हाताला धरून उठवू नका, लुळा खांदा सांध्यातून निसटतो. तेव्हा तुमच्या आईचं कळलं. तिन्हीसांजेला भाकरी करताना त्या कलल्या, दमल्या असतील म्हणून सगळ्यांनी निजवलं, आणि सकाळी उठल्या त्या अर्ध्याच. चार वर्षं तुम्ही त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून दिलीत. एसटीत शिकवलेलं नव्हतं ते, हे मला त्या दिवशी समजलं.

मग माझ्याकडे वळून विचारलंत, "ताई, तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं?" बघितलं तर १७० वर १००. तीन आठवडे मी यांच्या गोळ्यांचा तक्ता लिहीत होते आणि माझी स्वतःची गोळी डब्यातच होती.

फिजिओथेरपीच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर मला तुम्हीच नेऊन बसवलंत. तिथे बसणाऱ्या बायका आता माझ्या हक्काच्या आहेत. मऊ भात कितपत घट्ट ठेवायचा, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज कसा भरायचा, नवरा उगाच रडायला लागला तर काय करायचं, हे सगळं त्या बाकावर मिळतं. रडण्याचं मी मनाला लावून घेत होते. एकीने सांगितलं, डॉक्टरांना सांग, यावर औषध असतं. खरंच होतं. आमच्यातली एक दर गुरुवारी दोन तास यांच्याजवळ बसते आणि मी नुसती चक्कर मारून येते. मंगळवारी मी तिच्या सासूजवळ.

लेक मुंबईला असते, म्हणून वाचेसाठी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत दाखवलं. तिथल्या थेरपिस्टबाईंनी मला गप्प राहायला शिकवलं. यांचं वाक्य मी पुरं करायचं नाही, हो-नाही होईल असं विचारायचं, आणि थांबायचं. थांबणं फार अवघड जातं हो. माझं नाव घेता येत नव्हतं तेव्हाही हे गणपतीची आरती अख्खी म्हणायचे. पाठ झालेलं, गायलेलं पुष्कळदा शाबूत राहतं म्हणे. शिव्याही राहतात. त्या तर अगदी शुद्ध येतात.

गेल्या महिन्यात आम्ही सिन्नरला गेलो. गाडीत तुम्ही नव्हतात, दुसरे होते, घाईतले. मी पर्समध्ये हात घातला तर यांनी मला अडवलं. बराच वेळ लागला. मागचे लोक चुळबुळले, कंडक्टर दोनदा मशीनकडे बघून परत यांच्याकडे बघू लागले. मी ओठ आवळून बसले होते. मग आलं: "दोन... हाफ." सिन्नर म्हणायला जमलं नाही, ते बोटाने दाखवलं.

ते तिकीट दवाखान्याच्या फाइलमधून मी मागून घेतलं होतं. मशीनची छपाई उडत चाललीय, ९.१२ आता उजेडात तिरकं धरलं तरच दिसतं. तुमचं पेनाने लिहिलेलं तेवढं ठसठशीत आहे. झेरॉक्स काढून ठेवलीय.

पुढची साप्ताहिक सुट्टी कधी आहे ते कळवा. भरीत-भाकरी करते. आधार कार्ड आणायची गरज नाही, असं हे सांगायला सांगतायत; म्हणजे खुणेने.

तुमची,
सीट नंबर १४ च्या काकांची बायको